टाकी चकाचक

६ जानेवारी, सोमवार. पहाटे ५
झोप नाही. उठून सोसायटीचा सांडपाण्याचा प्लांट पाहिला. टाकीत नुसता तपकिरी चिखल खदखदतोय! याला शुद्धीकरण म्हणायचं? पुढच्या सोमवारी लॅबवाले शुद्ध झालेल्या पाण्याचं सॅम्पल नेणार. कालच सभेत जाहीर केलंय, सॅम्पल फेल झालं तर सेक्रेटरीपद सोडेन. टाळ्या पडल्या. नक्की कशाला, ते कळलं नाही.

७ जानेवारी
ऑपरेटर बळीराम, ओवे गावचा. म्हणतो, तो चिखल नाय, जिवानू हायत, तेच घान खातात, हात लावू नका. तीस वर्षं बँकेत काढलीत मी. कामचुकारांची कारणं पाठ आहेत.

१० जानेवारी, शुक्रवार
टँकर बोलावून सगळा चिखल उपसला. टाकी घासून चकाचक! फोटो डेबोराला दाखवला. बायको असून कौतुक नाही. जेवताना नको म्हणाली.

११ जानेवारी, शनिवार
शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा वार. लिहायचं नाही. म्हणून थोडक्यात. टाकीवर पांढराशुभ्र फेस आलाय. स्वच्छतेचंच लक्षण.

१२ जानेवारी. सकाळी ७
फेस पार्किंगमध्ये. वास पाचव्या मजल्यापर्यंत. तिथल्या सायराबाई खाली आल्या. या अल्लाह, येहुदाभाई, खाली मेलंय तरी काय? मागून बळीराम म्हणाला, जिवानू. आगाऊ माणूस.

१३ जानेवारी
लॅबवाल्याने नाकाला रुमाल लावून सॅम्पल घेतलं. नवशिका असावा.

१७ जानेवारी
फेल. सगळ्या रकान्यांत फेल. राजीनामा लिहिला. कोणीतरी नको म्हणेल म्हणून सोसायटीच्या ऑफिसात तासभर बसलो. सायराबाई आल्या. राजीनामा ठेवा इथे, म्हणाल्या, पण आधी हे निस्तरा.
बळीराम म्हणतो, विरजणासारखं हाय, दुसऱ्या प्लांटमधला चिखल आणून टाकावा लागंल. म्हणजे शेजारच्या सोसायटीतला. तिथला सेक्रेटरी हितेश, वय एकतीस. मी जाणार नाही.

२० जानेवारी, सोमवार
गेलो. जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, पसरला तो टँकरभर मैल्यासाठी. हितेश म्हणाला, लागेल तेवढा न्या, काका. चहासुद्धा पाजला. फार लाज वाटली.
टँकर रिकामा होताना उभा राहून पाहिलं. तपकिरी रंग बघून जिवात जीव आला.

२१ जानेवारी
राजीनामा मंजूर. सकाळी सहज टाकी बघायला गेलो, तर प्लांटच्या दाराला नवीन कुलूप. बळीरामकडे किल्ली मागितली. नाय, म्हणाला.