जास्तीच्या दोन माळा

सोमवार, ता. ३

आज घरात आलं ते असं — साबणाच्या सहा वड्या, पाचाच्या भावात. सुनेचा कीबोर्ड — किंमत विचारली तर नुसती हसली, म्हणजे महागच! आणि आमच्या प्रार्थना मंडळाच्या वेबसाईटला नवं दार — फुकट. फुकट म्हटलं की माझा जीव टांगणीला लागतो.

वेबसाईट सुनेनंच बांधलीय. मंडळातल्या बायकांनी रोज जपाच्या किती माळा झाल्या ते तिथं टाकायचं. पण निम्म्या बायका पासवर्ड विसरतात, आणि विसरल्या की सुनेला फोन! म्हणून हे नवं दार. आपला पासवर्ड नकोच. ईमेलवाल्या मोठ्या कंपनीनं ‘ही तीच बाई’ एवढं सांगितलं की आत.

मी म्हटलं, "दुसऱ्याच्या सांगण्यावरून घरात घ्यायचं? तोंडही न बघता?"

"आई, कामवाल्या मावशी तुम्ही अशाच ठेवल्यात ना? शेजारच्या काकूंच्या शब्दावर?"

मी साबणाच्या वड्या मोजायला घेतल्या.

मंगळवार, ता. ४

पहिली परीक्षा माझ्यावर. मी सर्वांत अडाणी म्हणून नव्हे, घरात आयती सापडते म्हणून! बटण दाबलं, कंपनीच्या पानावर गेले, ‘हो’ म्हटलं — आणि समोर पांढरं फटक. सून दीड तास डोकं धरून बसली. शेवटी सापडलं — परतीचा पत्ता. कंपनीला कळवलेल्या पत्त्यात शेवटची एक तिरकी रेघ राहून गेली होती. एका रेघेपायी माणूस वाटेतच!

हे ईमेलचं खातं मी आणि अक्कानं मिळून काढलेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. "दोघींत एक पुरे, दोन कशाला" — मीच म्हणाले होते. पुढे आई गेली, आणि मी चारचौघांत अक्काकडे दवाखान्याचा हिशोब मागितला. नऊ वर्षं झाली. खातं राहिलं, बोलणं नाही.

बुधवार, ता. ५

सगळ्या बायकांना ईमेल गेली — आता नवं बटण दाबा. माझी मी उघडायच्या आधीच उघडलेली दिसली. "तुमचंच बोट लागलं असेल," सून म्हणाली. असेल.

माळा — तीन. खाली ‘कोणासाठी’ असा एक रकाना आहे. रिकामा सोडला. देवाला काय अर्ज भरून द्यायचा?

शुक्रवार, ता. ७

केल्या तीन, दिसतात पाच! कालही तेच.

वर अध्यक्षीणबाईंचा फोन — "अहो, तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे! एवढा गुडघा दुखत असताना!" मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाच्या दारात खोटा आकडा, तोही माझ्या नावावर.

सुनेला म्हटलं, "तुझं दार दोन जास्त मोजतंय."

"दार मोजत नाही, आई. दार उघडतं फक्त." तणतणत गेली.

तिचंही खरं आहे. रविवारी मंडळापुढे सगळं दाखवायचंय. आकडे चुकले तर बाई म्हणणार, आमची वहीच बरी होती! चार महिन्यांचं काम पाण्यात. त्या कामाला ‘रिकामपणचे उद्योग’ म्हणणारी पहिली मीच. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

शनिवार, ता. ८

सुनेनं बजावलं, "आज जप करा, पण टाकू काही नका." नाही टाकलं. संध्याकाळी पाहिलं — दोन!

रविवार, ता. ९

सकाळी सुनेनं नोंदी उलगडल्या. "मोजणी बरोबर आहे, आई. खातं एक, मोबाईल दोन. एक तुमचा. दुसरा कोणाचा?"

"अक्काचा," मी म्हटलं. जुन्या दाराला वेबसाईटचा माझा पासवर्ड लागायचा, तो माझ्या एकटीकडे. नव्या दाराला ईमेल उघडता आली की झालं. आणि ईमेलचा पासवर्ड दोघींकडे. नऊ वर्षांत ना मी बदलला, ना तिनं.

"त्यांनी रकाना भरलाय," सून हळूच म्हणाली.

तीन दिवस, तीन रकाने. मजकूर एकच — ‘धाकटीच्या गुडघ्यासाठी.’

माझे दवाखान्याचे कागद त्याच ईमेलवर येतात. म्हणजे ती वाचत होती! सगळं वाचत होती, आणि मी आपली समजत होते की तिनं पाठ फिरवली.

दुपारी मंडळापुढे उभी राहिले. "पहिला नंबर माझा नाही. जास्तीच्या माळा माझ्या बहिणीच्या आहेत. सुनेचा आकडा चोख आहे." अध्यक्षीणबाईंनी तिथंच जुनी वही कपाटात टाकली. सून माझ्याकडे बघत होती. घरी येताना म्हणाली, "अक्कामावशींना वेगळं खातं काढून देऊ?"

म्हटलं, "इतक्यात नको."

सोमवार, ता. १०

माळा — एक.

कोणासाठी — ‘अक्का, तुझ्यासाठी. गुडघा बरा आहे. हिशोब मागायला नको होता मी. तू कशी आहेस ते उलट टपाली कळव.’