कावळ्याला न दिलेलं वचन

प्रिय नाना,

तुमच्या दहाव्याहून पुण्याला प्रयोगशाळेत परत आले, पण कामात हात चालत नाही. तुमच्या पिंडाला कावळा शिवला नाही, आणि घरातल्या सगळ्यांच्या मते तो माझ्यामुळे शिवला नाही. म्हणून हा खुलासा.

आधी भांडते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो गावभर बोलायला? पारनेरच्या बाजारातून येताना तुमची विजेची स्कूटर चढावर बसली. बसणारच! निम्मी वीज तर तुम्ही हॉर्नमध्येच घालवायचात. स्कूटरसकट शेळ्यांच्या टेम्पोतून घरी आलात, तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. सुप्याच्या फाट्यावर चहा पिताना तुम्ही जाहीर केलंत, "माझी नात ग्राफीनची ब्याटरी बनवतीय. ह्यो च्या उकळंस्तोवर गाडी फुल!"

नाना, मी बॅटरी बनवत नाही. मी तिच्यातला एक इलेक्ट्रोड बनवते, वीज जिथून आत-बाहेर करते तो भाग. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे थरांवर थर. त्यातला एकच सुटा थर म्हणजे ग्राफीन. वीज त्यातून सुसाट धावते, आणि चिमूटभर भुकटीत तिला बसायला केवढी जागा! पण वाळताना हे थर ओल्या पापडांसारखे पुन्हा एकमेकांना चिकटतात. माझं सगळं शिक्षण सध्या पापड सुटे ठेवण्यात चाललंय. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही "व्हय, व्हय" म्हणालात आणि फाट्यावर जाऊन पुन्हा तेच सांगितलंत!

मग दहाव्याला ओढ्याकाठी दुसरं काय होणार? पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. काका म्हणाले, "नाना, तुमची म्हैस इकनार न्हाई." कावळे हलले नाहीत. आत्या म्हणाली, "नाना, आमी भावंडं भांडनार न्हाई." यावर तर एक कावळा उडूनच गेला.

तेवढ्यात फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "त्यांचा जीव ब्याटरीत हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हन, मने," काका म्हणाले. "दिवाळीपर्यंत ब्याटरी करते म्हन."

"काका, असं कसं सांगू? अजून तर..."

"अगं, कावळ्याला काय कळतंय?" आत्या म्हणाली. "म्हन की!"

मी हात जोडले. "नाना, थर सुटे राहिले, आणि पुन्हा पुन्हा चार्ज करूनही टिकले, तर इलेक्ट्रोड बरा होण्याची शक्यता आहे. बॅटरीचं मात्र आत्ताच..."

"बास गं बया!" आत्या ओरडली. "कावळं झोपतील आता!"

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. खरंच रागावलात का? मी एवढंसं खोटं बोलले असते, तर तुम्ही सुटला असतात का?

पण मला तसं बोलायला शिकवलं नाहीत, त्याचं काय? शाळेत जायच्या आधी तुम्हीच मला शिकवायला बसायचात. टॉर्चचा संपलेला सेल फोडून त्यातली काळी कांडी माझ्या हातात द्यायचात आणि शहाबादी फरशीवर अक्षरं गिरवून घ्यायचात. ती कांडी म्हणजे इलेक्ट्रोडच, नाना! आजी फरशी पुसून थकली, पण माझा धंदा तिथेच ठरला. सातचा पाढा अडला की मी येत असल्यासारखं तोंडातल्या तोंडात गुणगुणायचे. तुम्ही कान धरायचात. "येत न्हाई तर येत न्हाई म्हनायचं. गुनगुनायचं न्हाई."

ओढ्याकाठी मी गुणगुणले नाही, एवढंच.

आता काय येतं ते सांगते. माझ्या इलेक्ट्रोडचे चाचणीपुरते छोटे सेल तयार झालेत. ते आत्याच्या रागासारखे आहेत, झटकन भरतात आणि झटकन रिकामे होतात. त्यांच्यावर तुमची स्कूटर चढ चढणार नाही. फाटाही ओलांडणार नाही.

पण वचन देते, आणि हे तपासून पाहिलंय म्हणून देते. वर्षश्राद्धाला तुमची स्कूटर ढकलत ओढ्यावर आणीन आणि तिचा हॉर्न माझ्या सेलवर वाजवीन. फक्त हॉर्न. एकदाच, दुसऱ्यांदा वाजेल असं मी म्हणत नाही.

आणि कावळा शिवून गेल्यावरच वाजवीन.

तुमची,
सातच्या पाढ्याला अजून घाबरणारी
मनी