राशिदभाईला सांगायचं राहिलंय

३ डिसें., बुध.
सकाळी थेरगाव ते आकुर्डी आणि परत, १४ किमी. राशिदभाई सोबत. मग डांगे चौकाजवळ त्याच्या गॅरेजवर चहा. मॅरेथॉन १४ ला. ती नुसती तालीम. खरं काम ११ जाने. ला, डोंगरातली ५० किमी. साठीपुढच्यांना तिथं एकटं सोडत नाहीत, जोडीनंच. माझी जोडी राशिदशी. एक थांबला की दुसराही बाद. हे वाचल्यापासून झोप पातळ झाली आहे. गेल्या वर्षी वहिनींच्या आजारपणात राशिदची हीच रेस हुकली. त्या गेल्या. तेव्हापासून माणूस याच एका गोष्टीवर उभा आहे.

१३, शनि.
राशिदनं चारदा बजावलं, "नाना, उद्या हळू. जिंकायला नाही, पाय तयार करायला चाललोय." हो म्हटलं. ही म्हणाली, "एवढं पळून जायचं कुठंय? जेवायला इथंच येणार ना?" हसलो. मन मात्र थाऱ्यावर नाही.

१४, रवि.
झाली. ४ तास ५१ मि. पण घोळ केला. बत्तीस वर्षं लेथवर काढली, तिथली सवय: पहिल्या पाच तासांत शिफ्टचं प्रॉडक्शन काढायचं, मग निवांत बसायचं. पाय तेच करायला लागले. राशिद मागून ओरडत होता, "नाना, कोण सुपरवायझर मागं लागलाय?" ऐकलं नाही. २५ किमीपर्यंत उडत. ३१ व्या किमीला उजव्या गुडघ्यात आतून कळ... पुढचं चालत-पळत. राशिदनं गाठलं. "काय झालं?" म्हणालो, पोटरीत गोळा आलाय.
खोटं का बोललो?

१६, मंगळ.
सूज. जिना चढताना काही नाही, उतरताना कठडा धरावा लागतो. आणि डोंगरात तर उतारच उतार. हिनं रुईची पानं तव्यावर गरम करून बांधली. "राशिदभावजींना सांगितलंत?" सर्दीचं निमित्त करून सकाळचं पळणं टाळतोय.

२०, शनि.
डॉ. म्हणाले, तीन आठवडे विश्रांती, मग बघू. तीन आठवडे म्हणजे बरोब्बर रेसच. आयोजकांचा मेसेज: जोडीदाराचं नाव २८ च्या संध्याकाळपर्यंत बदलता येईल. पिंपळे गुरवचे पवार तयारीचे आहेत. त्रेसष्ट वय, दम चांगला. आज सांगितलं तर राशिदची रेस वाचते. आज सांगितलं तर माझी गेली. फोन हातात घेतला, ठेवला. दोनदा.

२४, बुध.
सूज कमी. बरं वाटतंय, की वाटावंसं वाटतंय? राशिदनं दोघांसाठी शिट्ट्या आणल्या, डोंगरात चुकामूक झाली तर. एक माझ्या गळ्यात घातली. लाज वाटली स्वतःची.

२७, शनि.
सांगितलं. गॅरेजवर गेलो तर तो गाडीखाली झोपून काम करत होता. बाहेर आलेल्या त्याच्या पायांनाच सगळं सांगून टाकलं. तसं सोपं गेलं. थोडा वेळ पान्याचा आवाज. मग बाहेर आला.
"चौदापासून तुम्ही पायरी आडवी उतरताय, नाना. गाडी लंगडायला लागली की मला लांबूनच कळतं."
"मग बोलला का नाहीस?"
"तुम्ही कधी बोलताय ते बघत होतो. फार उशीर केलात."
म्हणालो, पवारांचं नाव घाल. कितीतरी वेळ हात पुसत राहिला. "उद्या घोराडेश्वरचा डोंगर चढून उतरून बघू. दुखलं तर दुखलं म्हणा. मग पवारांना फोन करतो."

२८, रवि., पहाटे
हिनं चहा दिला. गुडघ्याला पट्टा बांधला. चढायची काळजी नाही. उतरताना कळ आली तर अवाक्षर न काढता खाली येण्याची ताकद माझ्यात आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. गुडघ्यापेक्षा त्या ताकदीचीच भीती वाटते.
खाली राशिदनं हॉर्न दिला. हलकाच.