आतडी जागी होईपर्यंत

८ फेब्रुवारी १९९४, मंगळवार

झालं एकदाचं यांचं ऑपरेशन! जठरात गाठ होती. तीन तास लागतील म्हणाले होते, पाऊण तासात बाहेर आणलं. सुटले बिचारे लवकर.

प्यायला पाणीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, "पेट को हाथ लगाए तो आंतां सो जाते अम्मा. जागे तक पानी बी नक्को."

एकोणीस वर्षं मराठी शाळेत सातवीला पचनसंस्था शिकवतेय. लाळ, जठर, सहा मीटर लहान आतडं — पोरं घडाघड म्हणतात. आतडी झोपतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

१० फेब्रुवारी

सारखं पाणी मागतात. ओला कापूस ओठांना लावते. डॉक्टर पोटावर नळी ठेवून ऐकतात आणि मान हलवतात. अजून आवाज नाही.

माझाच संताप येतो. वर्षभर हे पानात टाकत होते आणि मी वाढतच होते — "माझ्यासाठी एवढा घास!" गुपचूप खायचे, मग मोरीत जाऊन ओकायचे. गणपतीत माझ्या लक्षात आलं, तरी म्हटलं, पित्त असेल. आणि म्हणे मी शास्त्राची बाई!

१२ फेब्रुवारी

वारा सरला!! आतडी जागी झाली! वंदनावन्संसमोर हा शब्द जन्मात उच्चारला नसता, आज त्यांना मिठी मारून सांगितलं. नामपल्लीच्या एसटीडी बूथवरून पुण्याला रितेशलाही ओरडून सांगितलं, "बाबांचा वारा सरला रे!" बूथवाला हसला. हसू दे.

१३ फेब्रुवारी

चार चमचे पाणी. घोट गळ्याखाली उतरताना बघत बसले.

१८ फेब्रुवारी

नल्लकुंट्याला घरी आलो. निघताना पथ्य विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जो दिल बोला वो खिलाओ अम्मा." काय हलकं वाटलं! यांनी मात्र डोळे मिटून घेतले. थकले असतील.

२० फेब्रुवारी, रविवार

पुरण घातलं. आग्रह करकरून दीड पोळी खायला लावली, तुपासकट! "छान झालीय," म्हणाले. देवापुढे साखर ठेवली.

२१ फेब्रुवारी

रजेच्या अर्जाला कागद हवा होता म्हणून दवाखान्यात एकटीच गेले. सहज विचारलं, काढलेली गाठ केवढी होती?

डॉक्टर म्हणाले, "निकाले नै अम्मा. सब तरफ फैल गया था. खोल के वैसाच बंद कर दिए. साब को मालूम है. घर में नक्को बोलो बोले."

म्हणजे कालची पोळी माझ्यासाठी खाल्ली यांनी. फक्त माझ्यासाठी.

घरी आले तर विचारतात, "आज काय करतेस गं जेवायला?"