मेहल, म्हणजे आपली सावड

सनीव्हेल, १४ जून २००३

ऑफिसातल्या ब्रायननेच हा आयरिश शब्द शिकवला: मेहल. मुळात कापणीवाल्यांची टोळी, मग शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांकडे राबणं. आणि स्त्रीलिंगी. म्हणजे आपली सावडच की! त्या मेहलपायी आम्ही सगळ्यांनी त्याच्या घरामागचं लाकडी डेक बांधून दिलं. आज माझं शिफ्टिंग, "मी येतो" म्हणाला म्हणून बाकी कुणाला बोलावलं नाही, तर पठ्ठ्या आलाच नाही. सोफा मी आणि बायकोने जिन्यावरून ओढत नेला. संध्याकाळी त्याचा फोन, "पुढच्या शनिवारी कुंपण घालायचंय, येतोस ना?" सोफ्याबद्दल चकार शब्द नाही! "नक्की," म्हणालो. मग बाकीच्यांना फोन करून सोफ्याचं सांगितलं. आमच्या गावात सावड न फेडणाऱ्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही. आता सगळेच त्याला "येतो" म्हणणार आहेत. दुष्टपणा झाला का? असेल. पाठ अजून ठणकतेय. बसू दे एकट्याला खांब धरून.