उजेड मोजणारं टेबल

७ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा तोंडाने घात केला.

वाचनालयाच्या सभेत सचिव शेखर म्हणाला, खालचा हॉल व्यायामशाळेला देऊन टाकू, पुस्तकं माळ्यावर हलवू. "आता कोण वाचतं, ताई? लोकांना बोटाने सरकवायला स्क्रीन लागते." मी उठले. लोकशाहीवर बोलले, विज्ञानावर बोलले, टाळ्या घेतल्या, आणि टाळ्यांच्या भरात म्हणून गेले — "मग स्क्रीनच आणते! अख्ख्या टेबलाएवढी, घरात बनवून."

शेखर गोड हसला. "चालेल. पाच ऑक्टोबरला हॉलचं मतदान त्या टेबलावरच घेऊ. नाही चाललं तर हॉल गेला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

९ सप्टेंबर

जुलेखाला बोलावलं. कॉलेजपासूनची मैत्रीण, भद्रकालीत फोटो स्टुडिओ चालवायची. म्हणाली, "मोहिनी, भाषण तू करायचं आणि निस्तरायचं मी. कॉलेजच्या इलेक्शनपासून हेच चाललंय."

पण डोळे चमकले तिचे. कृती नेटवर सापडली. जाड ॲक्रिलिकच्या कडांना इन्फ्रारेड दिवे लावायचे — तो उजेड आपल्याला दिसत नाही. वर बोट टेकलं की तेवढ्या जागेतून तो खाली सांडतो. खालचा कॅमेरा तो ठिपका पकडतो, कॉम्प्युटरला कळतं बोट आलं, आणि प्रोजेक्टरवरचं चित्र बदलतं. सोपं आहे. वाचायला.

१३ सप्टेंबर

जेवणाच्या टेबलाचा मधला भाग करवतीने कापला. हिरामण ऑफिसातून आला, भोकातून खाली बघत उभा राहिला. "आता जेवायचं कुठे?"

"परिवर्तनाच्या काळात माणसं उभ्याने जेवतात."

नवऱ्याने ताट उचललं आणि देवघरासमोर जाऊन बसला. म्हणे, तिथे निदान भाषण होत नाही.

१८ सप्टेंबर

कॅमेऱ्याला साधा उजेड दिसायला नको, फक्त तो इन्फ्रारेड दिसावा, म्हणून त्याच्यापुढे जुन्या फिल्मचा काळा तुकडा लावायचा असतो. जुलेखाने पिशवीतून एक रोल काढला. "तुझ्या लग्नाचा. मीच काढलेले फोटो. सुरुवातीचं काळं टोक वापरू."

लावलं. बोट टेकवलं. टेबलावर दिसणाऱ्या पुस्तकाचं पान उलटलं!

हिरामणला हाक मारली. म्हटलं, आपलं लग्न शेवटी विज्ञानाच्या कामी आलं. त्याने वाकून बघितलं. "त्यातला काळा भागच ना?"

जुलेखा हसून हसून खाली बसली.

२२ सप्टेंबर

टेबल खिडकीशी सरकवलं आणि पानं आपोआप पळायला लागली. उन्हातही तोच न दिसणारा उजेड असतो. टेबलाला वाटलं, हजार बोटं आली. पडदे लावले.

२ ऑक्टोबर, दसरा

मनमाडला व्याख्यान होतं. निघताना हिरामणला बजावलं — टेबलाची पूजा करायची नाही. ते यंत्र आहे. विचारांचं साधन आहे.

आले तर विचारांच्या साधनावर झेंडूची फुलं, कुंकू, आणि देवघरातली ती बुडाला पोचा आलेली समई. तीही पेटवून थेट मतदानाच्या डाव्या चौकोनात. डावा 'वाचनालय', उजवा 'व्यायामशाळा'. आणि डाव्या चौकोनातला आकडा चढतोय! घरात बोट लावायला कुणी नाही. हिरामण हात जोडून उभा. "बघ. देवी तुझ्या बाजूने आहे."

देवी कसली. ज्योतीतही तोच उजेड. ती फडफडली की टेबलाला वाटतं नवं बोट आलं, नवं मत. हे हिरामणला नीट समजावलं. दोनदा. तो फार मन लावून ऐकत होता. एरवी इतकं मन लावून तो माझं काही ऐकत नाही.

३ ऑक्टोबर

जुलेखाचं म्हणणं, "पाच वाती लाव. हॉल कायमचा तुझा."

मोह झाला, इथे कबूल करते. पण व्यासपीठावर दिवे लावण्याविरुद्ध मी आयुष्यभर बोलले. आता तोच दिवा लावून बोगस मतदान करू? टेबल दुरुस्त करायला वेळ नाही. समईच न्यायची नाही. ठरलं.

५ ऑक्टोबर, रविवार

टेम्पोतून टेबल नेलं. हॉलचे पडदे ओढले. सभासद रांगेत उभे राहिले. एवढ्यात शेखर दोन्ही हातांत पेटलेली समई घेऊन आला. "ताई, शुभकार्य आहे. दिव्याशिवाय कसं?"

मला डिवचायलाच. माझ्या चेहऱ्याकडे बघत बघत त्याने ती टेबलावर ठेवली. डाव्या चौकोनात.

'वाचनालय' — आकडा चढायला लागला. टाळ्या पडल्या. शेखरचं हसू उतरलं. जुलेखाने माझं कोपर आवळलं. "गप्प बस. जिंदगीत एकदा तरी गप्प बस."

गप्प बसले असते तर हॉल आमचा होता.

मी पुढे झाले आणि समईवर फुंकर मारली.

केवढा गोंधळ! "अहो, दिव्याला फुंकर मारतात का कुणी?" मी म्हटलं, "ही मतं समईची आहेत. माझ्या बाजूची आहेत, पण खोटी आहेत." आणि सगळं सांगितलं. माझं आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. टाळी एकही नाही.

आकडे पुसले. पहिल्या आल्या मालनबाई — रोज सकाळी येऊन पेपर वाचणाऱ्या. "दिवा विझवल्याचं पाप तुझ्या डोक्यावर," म्हणाल्या. "पण स्वतःची मतं पुसणारी बाई आहेस. हॉल तुझ्याकडेच बरा." आणि डावीकडे बोट टेकवलं. मग बाकीचे.

वाचला हॉल. अगदी थोडक्यात. शेखर शेवटपर्यंत थांबला होता, पानं उलटून बघत.

६ ऑक्टोबर

शेखर समई परत द्यायला आला. बुडाला पोचा.

मी देवघराकडे बघितलं. हिरामण वाती वळत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "त्याला म्हटलं, ताईंना चिडवायचं असेल तर समई घेऊन जा. फक्त डावीकडे ठेव, तशी पद्धत असते."