भट्टीचं झाकण

प्रिय उतावळे,

तू प्रदर्शनाला गेलीस आणि मी तुझ्या भट्टीची राखण करतोय. दुपारी एक बाई आल्या. "काचवाल्या बाईंचं घर हेच ना? माझी निळी ताटली भट्टीत आहे म्हणे. जरा बघू द्या की!"

मी भट्टीसमोर आडवाच उभा राहिलो. "काच वितळून एकजीव झालीय, पण अजून निवायची आहे. घाईने झाकण उघडलं की तडकते."

बोललो आणि हसूच आलं, कारण वाक्य तुझं होतं. चहाला उकळी येईपर्यंत जिला दम निघत नसे, तिने पन्नाशीत नोकरी सोडून हे थांबणं शिकून घेतलं! तडकलेल्या ताटल्यांनी बादली भरली, शेजाऱ्यांनी खूळ म्हटलं, तरी तू पुन्हा काच कापायला बसलीस.

बाई उद्या यायला कबूल झाल्या. जाताना म्हणाल्या, "आणि तुम्ही कोण?" इतकी वर्षं हे हेडमास्तरांचं, म्हणजे माझ्या ओळखीचं घर होतं. पण माझी छाती फुगली आणि तोंडातून जे निघालं, तेच खाली सही म्हणून लिहितोय.

पत्र मात्र तुला देणार नाही. तू आलीस की नेहमीसारखं "चहा टाकू?" एवढंच विचारेन.

तुझा,
काचवाल्या बाईंचा नवरा